सप्ताहातलं कीर्तन यूट्यूबवर थेट दाखवताना : नेट, आवाज आणि लॅपटॉपची जोडणी

प्रश्न थोडक्यात असा. गावच्या हरिनाम सप्ताहात रोज रात्री ७ ते ९ कीर्तन असतं, आठव्या दिवशी सकाळी काल्याचं. ते यूट्यूबवर थेट दाखवायचं आहे. हाताशी दोन कॅमेरे आणि ८ जीबी रॅमचा आय-५ लॅपटॉप आहे. मागच्या वर्षी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून १०८०पी आणि ६००० केबीपीएसचा बिटरेट (दर सेकंदाला वर जाणारा डेटा) ठेवून दाखवलं. चित्र अडखळत होतं, आवाज फाटत होता आणि रोज पाऊण तासाच्या आसपास सगळं बंद पडत होतं. आता नवा, महागडा लॅपटॉप घ्यावा का?

घेऊ नका. निदान या तक्रारींसाठी तरी नको. इथे तीन वेगवेगळे बिघाड एकात एक मिसळलेत आणि तिन्हींचं मूळ लॅपटॉपच्या बाहेर आहे.

पाऊण तासाचंच आधी बघू, कारण ते नुसत्या गणितात सापडतं. ६००० केबीपीएसचं चित्र आणि १२८ चा आवाज मिळून तासाला साधारण पावणेतीन जीबी डेटा वर जातो. सिमवर रोजचा २ जीबीचा पॅक असेल तर तो ४३ ते ४५ मिनिटांत संपतो. संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि तेवढ्यात साधा आवाजही धड जात नाही. रोज त्याच सुमाराला बंद पडणं ही कोटा संपल्याची खूण. मागच्या वर्षी वापरलेल्या फोनमध्ये त्या वेळेला ‘१०० टक्के डेटा वापरला’ असा मेसेज आलेला सापडला तर शंकाच उरणार नाही. काही पॅकमध्ये ५जी अमर्याद असतं, पण ती सवलत फोन ५जीवर असेपर्यंतच. मंडपात सिग्नल ४जीवर उतरला की रोजचा कोटा खर्च व्हायला लागतो आणि हे कोणाच्या लक्षात येत नाही.

आता यंदाचं. कीर्तनाचं प्रक्षेपण लावताना क्रम पक्का धरा: आवाज पहिला, सलगपणा दुसरा, चित्राची धार शेवटी. गाव सोडून पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेलेली माणसं हे फोनवर बघतात, पुष्कळ जण फोन बाजूला ठेवून नुसतं ऐकतात. चित्र थोडं मऊ दिसलं तर कोणी उठून जात नाही. अभंगाचं चरण मध्येच तुटलं तर मात्र माणूस बंद करतो. म्हणून ७२०पी, सेकंदाला २५ फ्रेम आणि ३००० केबीपीएस इथून सुरुवात करा. दोन तासांच्या एका कीर्तनाला साधारण ३ जीबी लागतील, आठ कीर्तनांना २४ ते २५ जीबी. डेटा याच हिशोबाने घ्या आणि वर पाच-सात जीबी चाचणीला ठेवा.

नेट

पहिली पसंती फायबरची. मंडपापासून जवळच्या घरात, शाळेत, दूध डेअरीत किंवा ग्रामपंचायतीत फायबर आलंय का ते बघा. गावातला केबलवाला सप्ताहापुरतं कनेक्शन ओढून द्यायलाही पुष्कळदा तयार असतो. फायबरच्या मोडेमपासून लॅपटॉपपर्यंत कॅट-६ ही नेटवर्कची वायर टाका. वायफाय नको. मंडपात हजारभर माणसं बसली की हजारभर फोन २.४ गिगाहर्ट्झवर नेटवर्क शोधत असतात, आणि त्या गर्दीत तुमच्या लॅपटॉपचा पाळी येईपर्यंत खोळंबा होतो. दुपारी मोकळ्या मंडपात वायफाय सुरेख चालतं, म्हणूनच फसायला होतं.

कॅट-६ एका तुकड्यात १०० मीटरपर्यंत चालते. अंतर जास्त असेल तर मध्ये कोणाच्या तरी घरात एक छोटा गिगाबिट स्विच ठेवून पुढे न्या. वायर घेताना दुकानदाराला सरळ विचारा, पूर्ण तांब्याची की सीसीए? सीसीए म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ती स्वस्त आणि उचलायला हलकी, पण तिचा रोध जास्त असतो आणि वाकवताना आत तुटते. सप्ताहात वायर रोज हलवली, ओढली जाते. तिथे ही टिकत नाही.

पिन मारताना रंगांचा क्रम दोन्ही टोकांना एकच ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोडीला जोडी लावून ‘दोन्हीकडे सारखंच आहे ना’ म्हणून मारलेली पिन पाच मीटरवर चालून जाते. साठ मीटरवर तीच वायर डेटा गाळायला लागते, कारण तिसऱ्या आणि सहाव्या तारेला एकाच पिळाची जोडी मिळालेली नसते. साध्या टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागतात, त्यामुळे दोष दिसतही नाही. म्हणून दिव्यांवर विसंबू नका, रंग डोळ्यांनी बघा.

फायबर नसेलच तर मोबाइल नेट. इथे सगळ्यात मोठी चूक चाचणीच्या वेळेची होते. सकाळी मोकळ्या मैदानात १५ एमबीपीएस अपलोड दिसतो आणि रात्री साडेसातला, सगळा गाव आणि पंचक्रोशी जमल्यावर, तोच टॉवर २ देतो. तुमच्या नेटने काही बिघडवलेलं नसतं, वाटेकरी वाढलेले असतात. चाचणी मंडपाच्या जागीच, रात्री साडेसात ते साडेआठच्या दरम्यान, शक्यतो आठवडी बाजाराच्या किंवा एखाद्या कार्यक्रमाच्या दिवशी करा. दहा वेळा मोजा आणि फक्त अपलोडचा आकडा लिहा. सरासरी काढू नका. सगळ्यात कमी आलेला आकडा घ्या आणि त्याच्या निम्म्यावर बिटरेट ठेवा. सर्वांत कमी ६ आला तर ३०००, आणि ३ आला तर १५००. १५०० ला ७२०पीऐवजी ४८०पी ठेवलं तर चित्र जास्त नीट दिसतं, कारण तेवढ्या बिट्समध्ये मोठी चौकट भरताना चौकोन-चौकोन फुटतात.

हे दोन-तीन कंपन्यांच्या सिमवर करून बघा. ४जीचा २३०० मेगाहर्ट्झचा बँड ४० टीडीडी पद्धतीचा असतो. एकाच पट्ट्यावर डाउनलोड आणि अपलोड वेळ वाटून घेतात आणि अपलोडच्या वाट्याला थोडाच वेळ येतो. १८०० चा बँड ३ आणि ८५० चा बँड ५ एफडीडी असतात, त्यांत अपलोडला स्वतंत्र पट्टा असतो. सिम घालायच्या ४जी राउटरमध्ये बँड निवडायची सोय असेल तर दोन्ही लावून अपलोड मोजा. डाउनलोड जास्त देणारा बँड अपलोडला हमखास चांगला असेल असं नाही. राउटर टेबलाखाली ठेवू नका. मंडपाच्या खांबावर दहा-बारा फूट उंच बांधा आणि खाली लॅपटॉपपर्यंत कॅट-६ आणा. पत्र्याचा मंडप असेल तर राउटर पत्र्याच्या बाहेर काढा.

फोनच वापरायचा असेल तर हॉटस्पॉट बंद ठेवून यूएसबी टेदरिंग करा, म्हणजे फोनचं नेट वायरने लॅपटॉपला द्या. फोनचं कव्हर काढा, पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. तापला की फोन स्वतःचा वेग कमी करतो. त्या फोनवर कॉल येणार नाही अशी व्यवस्था हवी, म्हणून ते सिम कार्यकर्त्याचं रोजचं सिम नसावं.

दोन सिमचा राउटर घेतला की दोन्हींचा वेग एकत्र मिळतो, असा समज फार पसरलाय. तसं होत नाही. ओबीएसपासून (लॅपटॉपवरून प्रक्षेपण पाठवणारं सॉफ्टवेअर) यूट्यूबपर्यंत एकच सलग जोडणी असते आणि असा राउटर एक जोडणी एकाच सिमवरून पाठवतो. दोन्ही सिमचा वेग खरोखर एकत्र करायचा तर बाँडिंगची सेवा घ्यावी लागते. तिचा सर्व्हर दुसऱ्या टोकाला बसून दोन्ही वाटांनी आलेले तुकडे जोडतो. स्पीडिफायसारखी सॉफ्टवेअर हेच करतात. दोन सिमच्या राउटरचा उपयोग एवढाच की एक सिम मेलं तर दुसरं काम उचलतं. पण त्या क्षणी जोडणी तुटून नव्याने होते, त्यामुळे काही सेकंद जातातच.

एक साधी गोष्ट: राउटरचं वायफाय बंदच करून टाका. चालू असलं की कोणीतरी पासवर्ड मागतं, गावात नाही म्हणवत नाही आणि साडेसातला कोणाच्या तरी फोनवरचे लग्नाचे व्हिडिओ वर चढायला लागतात.

टेबल कुठे मांडायचं

कीर्तनकार नारदाच्या गादीवर मध्ये, मागे टाळकऱ्यांच्या रांगा, बाजूला पखवाज. मुख्य कॅमेरा समोर, श्रोत्यांच्या डोक्यावरून दिसेल अशा दोन-अडीच फूट उंच मंचावर, कीर्तनकारांपासून १२ ते १५ मीटरवर. लॅपटॉपचं टेबल त्या कॅमेऱ्याला लागून मांडा. स्टेजजवळ नको. कारण वायरींचे स्वभाव वेगळे असतात. एचडीएमआयची साधी वायर पाच मीटरपर्यंत निर्धास्त चालते, दहाच्या पुढे तिचा भरवसा नाही. यूएसबी ३ ची वायर त्याहूनही आखूड हवी, एक-दोन मीटरच. उलट बॅलन्स्ड एक्सएलआर, म्हणजे माइकची तीन पिनांची वायर, आवाज ५०-६० मीटर सहज पळवते आणि कॅट-६ शंभर. म्हणून लांब पळवायची ती आवाजाची आणि नेटची वायर. चित्राची आखूडच ठेवा.

दुसरा कॅमेरा टाळकरी आणि पखवाजाच्या बाजूला लागणारच, आणि तो टेबलापासून लांब असणार. त्याला एचडीएमआयवरून एसडीआय (लांब वायरीतून चित्र नेण्याची पद्धत) करणारा कन्व्हर्टर कॅमेऱ्याशी आणि उलटा कन्व्हर्टर टेबलाशी लावा. मध्ये बीएनसी पिनची ७५ ओहमची चांगली आरजी-६ वायर, ४०-५० मीटर. कॅट-६ वरून एचडीएमआय नेणारी डब्यांची जोडीही चालते. फक्त त्या वायरमध्ये नेटवर्कचा स्विच घालू नका. आकाराने ती नेटवर्कची वायर असली तरी साध्या जोडीत तिच्यातून जातं ते नेटवर्क नसतं.

वायरी माणसांच्या वाटेवरून जमिनीवर टाकू नका. सप्ताहात वाट म्हणजे फक्त मंडपाचं दार नसतं. पंगतीच्या बादल्या, विणेकरी, दर्शनाची रांग, लहान मुलं, सगळं तिथून जातं. खांबाखांबावरून आठ फुटांच्या वर बांधून न्या. हॅलोजनच्या लाइटच्या वायरीला समांतर नेऊ नका, निदान फूटभर अंतर ठेवा. ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात ओलांडा.

कॅप्चर कार्ड, म्हणजे कॅमेऱ्याचं एचडीएमआय लॅपटॉपच्या यूएसबीत घेणारी डबी: डब्यावर ‘४के’ लिहिलेली यूएसबी २ ची स्वस्त कार्डं ४के फक्त आत घेतात, बाहेर १०८०पीला ३० फ्रेमचंच दाबलेलं चित्र देतात. तुमच्या कामाला ते पुरतं, पण दोन कार्डं एकाच यूएसबी हबवर लावू नका. दोघांना मिळून ४८० एमबीपीएसचीच वाट असते, आणि दुसरं कार्ड काळी चौकट दाखवतं किंवा मध्येच गोठतं. एक लॅपटॉपच्या डाव्या पोर्टला, एक उजव्या. दोन्ही पोर्ट आतून एकाच कंट्रोलरवर असतील तर तरीही अडेल, म्हणून आधीच तासभर चालवून बघा. पैसे खर्च करायचेच असतील तर लॅपटॉपऐवजी चार एचडीएमआय इनपुटच्या छोट्या स्विचरवर करा. कॅमेरे तिथेच बदलता येतात आणि लॅपटॉपला वेबकॅमसारखी एकच यूएसबी वायर येते. जुन्या लॅपटॉपवरचं ओझं बरंच उतरतं.

कॅमेऱ्याच्या मेन्यूत चार गोष्टी बघा. एचडीएमआयवर बॅटरी, फोकसचे चौकोन असली अक्षरं येणार नाहीत असं आउटपुट ठेवा. आपोआप बंद होण्याची वेळ ‘ऑफ’ करा. बॅटरीच्या जागी डमी बॅटरी आणि ॲडॉप्टर लावा. आणि व्हिडिओ पद्धत पाल, म्हणजे २५ किंवा ५० फ्रेम, शटर १/५०. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि बरेचसे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/६० ठेवलं की चित्रावर काळे पट्टे वर-खाली सरकत राहतात. मागच्या वर्षीच्या रेकॉर्डिंगमध्ये कीर्तनकारांच्या पांढऱ्या सदऱ्यावर असे पट्टे दिसत असतील तर कारण हेच. ओबीएसमध्येही २५ फ्रेमच ठेवा.

आवाज

फाटलेल्या आवाजाचं कारण बहुतेक असं: साउंडवाल्याच्या मिक्सरचं आउटपुट सरळ लॅपटॉपच्या माइकच्या भोकात गेलं. मिक्सरचं आउटपुट लाइन पातळीचं असतं, लॅपटॉपचं भोक माइकच्या कितीतरी कमी पातळीसाठी. आत शिरतानाच आवाज चेपला जातो, आणि एकदा फाटलेला आवाज ओबीएसमध्ये पट्टी खाली ओढून दुरुस्त होत नाही. लाइन इनपुट असलेला दोन चॅनेलचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या. या सगळ्या खरेदीत मी पहिला पैसा यावर घालेन.

मिक्सरमधून मेन आउट मागू नका, ऑक्स (मिक्सरचं वेगळं, जादा आउटपुट) मागा, तोही प्री-फेडर. साउंडवाला मंडपासाठी आवाज लावतो. पखवाज आणि टाळ मंडपात माइकशिवायही दणदणीत ऐकू येतात, म्हणून तो त्यांचे माइक जवळजवळ बंद ठेवतो आणि कीर्तनकारांचा आवाज वर घेतो. मंडपासाठी ते बरोबरच आहे. पण तेच मेन आउट प्रक्षेपणात गेलं की घरी बसलेल्याला गळा तेवढा ऐकू येतो आणि मागचा पखवाज शेजारच्या गावात वाजतोय असा वाटतो. ऑक्सवर तुमचं मिश्रण वेगळं लावता येतं: गळा पुढे, पखवाजाच्या दोन्ही पुड्या स्पष्ट, वीणा आणि पेटी थोडी मागे. प्री-फेडरमुळे साउंडवाल्याने मंडपातली पातळी हलवली तरी तुमची हलत नाही.

टाळकऱ्यांसाठी आणि श्रोत्यांच्या ‘विठ्ठल विठ्ठल’साठी एक वेगळा कंडेन्सर माइक स्टेजच्या कडेला, सात-आठ फूट उंचीवर, स्पीकरच्या तोंडापासून दूर लावा आणि इंटरफेसच्या दुसऱ्या चॅनेलवर घ्या. त्याला फँटम पॉवर लागते, ती इंटरफेसवरच्या ४८ व्होल्टच्या बटणाने मिळते. हा माइक पातळीत बराच खाली ठेवा. नुसता मिक्सरचा आवाज बंद खोलीत ध्वनिमुद्रण केल्यासारखा कोरडा लागतो. या एका माइकने मंडप उभा राहतो.

मिक्सर एका चॅनेलवर आणि माइक दुसऱ्यावर आला की ओबीएस एकाला डाव्या कानात आणि दुसऱ्याला उजव्यात टाकतं. इंटरफेसच्या या ऑडिओला ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये ‘मोनो’ची खूण करा.

घुमणारा ५० हर्ट्झचा ‘हूं’ येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर आणि मिक्सर वेगवेगळ्या बोर्डांवर आहेत, बहुधा वेगवेगळ्या फेजवर. दोन्ही एकाच बोर्डवरून घ्या. तरी राहिला तर आवाजाच्या वायरमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. चार्जरची किंवा ॲम्प्लिफायरची अर्थिंगची पिन काढून ‘हूं’ घालवायचा प्रकार सर्रास चालतो. तो कृपा करून करू नका. ओल्या जमिनीवरच्या लोखंडी मंडपात, हातात माइक धरलेल्या माणसाच्या जिवाशी तो खेळ आहे.

ओबीएसमध्ये आवाजावर ‘नॉइज सप्रेशन’ लावू नका. हा फिल्टर माणसाच्या बोलण्यासाठी घडवलेला आहे आणि टाळांचा झणत्कार त्याला गोंगाट वाटतो. गजर सुरू झाला की तो टाळ खातो, आणि गळाही पाण्याखाली गेल्यासारखा होतो. नॉइज गेटही नको, निरूपणात कीर्तनकार आवाज खाली घेतात तिथले शब्द तो गिळतो. मोठा आवाज दाबणारा एक कंप्रेसर, गुणोत्तर ३ आणि थ्रेशोल्ड उणे १८ डेसिबलच्या आसपास, आणि शेवटी त्यापुढे आवाज जाऊ न देणारा लिमिटर उणे ३ वर. एवढंच. निरूपणात पट्टी उणे २० ते उणे १५ च्या दरम्यान हलावी, गजरात उणे ८ पर्यंत जावी. चाचणी गजराच्या आवाजावर करा. ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ म्हणून लावलेली पातळी पखवाजाच्या पहिल्या थापेला फुटते.

आवाज आणि ओठ जुळवायचे राहिले. कॅमेऱ्याचं चित्र कार्डातून येईपर्यंत थोडं मागे पडतं, आवाज लगेच येतो. कीर्तनकारांच्या जागी एकाला माइकसमोर उभं करून जोरात टाळी वाजवायला सांगा, ओबीएसमध्ये रेकॉर्ड करा आणि एकेक फ्रेम पुढे नेत बघा. २५ फ्रेमला एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. टाळीचा आवाज हात भिडण्याआधी चार फ्रेम येत असेल तर ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये सिंक ऑफसेट १६० लिहा. दोन्ही कॅमेऱ्यांवर करून बघा. फरक दोन फ्रेमपर्यंत असेल तर मुख्य कॅमेऱ्याचा आकडा धरा.

डेस्कटॉप ऑडिओ ओबीएसमध्ये बंद ठेवा, म्हणजे व्हॉट्सॲपची टिंग कीर्तनात जाणार नाही. ऐकायला वायरचा, कान पूर्ण झाकणारा हेडफोन घ्या.

ओबीएस आणि विंडोज

आउटपुट ॲडव्हान्स्डवर घ्या. एन्कोडर (चित्र दाबून पाठवणारा भाग) इंटेलचा क्विक सिंक, एनव्हिडियाचं कार्ड असेल तर एनव्हेंक. रेट कंट्रोल सीबीआर (बिटरेट कायम एकच), बिटरेट ३०००, कीफ्रेम (पूर्ण चित्राची फ्रेम) इंटरव्हल २ सेकंद. यूट्यूब दोनच मागतं, चारच्या वर नको म्हणतं. ओबीएसमध्ये ते शून्य, म्हणजे ऑटो असतं, ते बदलायला विसरू नका. आवाज ४८ किलोहर्ट्झ, १२८ केबीपीएस. लॅपटॉप जेमतेम असेल तर बेस आणि आउटपुट दोन्ही १२८०×७२० ठेवा, आकार बदलायचं काम वाचतं. ॲडव्हान्स्डमधल्या नेटवर्कच्या भागात गर्दी झाल्यास बिटरेट आपोआप कमी करायचा पर्याय आहे, मोबाइल नेटवर तो चालू करा. फ्रेम गळण्यापेक्षा चित्र दोन मिनिटं मऊ झालेलं बरं.

रेकॉर्डिंग एमकेव्हीमध्ये. वीज गेली तरी तोवरची फाइल शाबूत राहते, साधी एमपी४ अर्धवट राहिली की उघडतच नाही. नंतर ओबीएसच्याच रीमक्सने एमपी४ करता येते.

विंडोज अपडेट आठवडाभर थांबवा, नेट मीटर्ड करा, क्लाउडची सगळी सिंक बंद करा. झाकण मिटल्यावर काही होऊ नये आणि यूएसबीची वीज वाचवायची सोय बंद असावी. लॅपटॉप चार्जरवरच चालवा, बॅटरीवर तो वेग कमी करतो. ओबीएस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा म्हणजे ग्राफिक्समध्ये त्याला प्राधान्य मिळतं.

आता महत्त्वाचं. व्ह्यू किंवा डॉक्समधून ‘स्टॅट्स’ची चौकट उघडून दोन तास डोळ्यांसमोर ठेवा. तिच्यात फ्रेम चुकल्याचे तीन वेगळे आकडे असतात. रेंडरिंग लॅगमुळे चुकलेल्या फ्रेम वाढत असतील तर ग्राफिक्स दमलंय: सीन हलके करा, हलणाऱ्या पट्ट्या काढा, क्रोम बंद करा. एन्कोडिंग लॅग वाढत असेल तर एन्कोडर पुरत नाही: प्रोसेसरवर चालणाऱ्या x२६४ वरून क्विक सिंकवर या. आणि नेटवर्कमुळे गळलेल्या फ्रेम वाढत असतील तर लॅपटॉपला हातही लावू नका, बिटरेट खाली आणा. मागच्या वर्षी हा तिसरा आकडा पाहिला असता तर नव्या लॅपटॉपचा विचारच डोक्यात आला नसता. दोन तासांत २५ च्या हिशोबाने १,८०,००० फ्रेम जातात. त्यातल्या एक टक्का गळल्या तरी ती ७२ सेकंदं होतात, आणि गळतात त्याही एकदम घोळक्याने. शून्याच्या जवळच राहायला हवं.

तिसरा आकडा वाढतोय, पण दोष मंडपाच्या वायरचा की बाहेरचा, हे कळायला कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरला सतत पिंग, दुसरीत ८.८.८.८ ला. राउटरचं उत्तर एक-दोन मिलिसेकंदांत येतंय आणि बाहेरचं अडतंय, तर दोष कंपनीच्या बाजूचा. राउटरचंच अडतंय, तर पिना बघा.

वीज, ऊन, धूळ

लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, राउटरला नाही. लाइट गेली आणि जनरेटर सुरू व्हायला वीस सेकंद लागली की राउटर पुन्हा उठून नेट येईपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात. १२ व्होल्टचा राउटरचा छोटा यूपीएस घ्या. मोडेम आणि राउटर दोन वेगळे डबे असतील तर दोन्हींना लागेल. ॲडॉप्टरवरचा व्होल्ट आणि अँपिअर बघून घ्या. ज्याच्या घरात मोडेम आहे तिथेही हीच सोय हवी, ते सहज विसरलं जातं. कॅमेरे, कन्व्हर्टर, इंटरफेस एका साध्या यूपीएसवर. हॅलोजन आणि कुलरच्या बोर्डावरून यातलं काहीही घेऊ नका.

लॅपटॉप सतरंजी घातलेल्या टेबलावर सरळ ठेवला की खालच्या जाळ्या बंद होतात. खाली दोन लाकडी पट्ट्या द्या, बाजूला टेबल फॅन. तापलेला प्रोसेसर वेग उतरवतो आणि मग एन्कोडिंग लॅग वाढलेला दिसतो. पहिल्या तासात ठीक आणि दुसऱ्या तासात अडखळायला लागलं तर आधी हात लावून तापमान बघा.

यूट्यूबच्या बाजूचं

चॅनेलवर लाइव्ह पहिल्यांदाच सुरू करत असाल तर परवानगीला २४ तास लागू शकतात, म्हणून हे आठवडाभर आधी उरका. मोबाइल ॲपवरून लाइव्ह जायला ५० सदस्यांची अट आहे, ओबीएसवरून जायला नाही. प्रत्येक कीर्तन आधीच शेड्यूल करा. त्यात ‘ऑटो-स्टॉप’ बंद ठेवा. तो चालू असला आणि नेट मिनिटभर गेलं तर यूट्यूब कार्यक्रमच संपवतं. तुम्ही परत येता ते नव्या लिंकवर, आणि जुन्या लिंकवरचे सगळे श्रोते तिथेच थांबलेले असतात. लेटन्सी ‘नॉर्मल’ ठेवा. इथे प्रश्नोत्तरं नाहीत, आणि तेवढ्याने बघणाऱ्याच्या फोनला साठा करायला वेळ मिळतो. सप्ताहाच्या पत्रिकेवर रोजची लिंक छापू नका. चॅनेलच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत लाइव्ह लिहिलं की त्या वेळी चालू असलेलं प्रक्षेपणच उघडतं. त्याचा क्यूआर छापा.

कीर्तन सुरू होण्याआधी साउंडवाला भक्तिगीतांच्या रेकॉर्डी लावतो. त्या वेळी ओबीएसचा आवाज बंद ठेवून फक्त पाटी दाखवा. यूट्यूब लाइव्ह चालू असतानाही संगीताचे हक्क तपासतं, आणि कंपनीची रेकॉर्ड ओळखली गेली तर प्रक्षेपण थांबूही शकतं.

सप्ताहाच्या आदल्या रात्री ‘अनलिस्टेड’ ठेवून अर्धा तास पूर्ण रंगीत तालीम करा. कार्यक्रमाच्या दिवसांत दुसऱ्या गावातला एक माणूस ठरवून ठेवा, जो मोबाइल डेटावर सलग बघेल आणि काही बिघडलं तर फोन करेल. मंडपात बसून स्वतःच्या फोनवर बघू नका. तुम्ही त्याच टॉवरवर भार टाकाल आणि दिसेल तेही खरं नसेल.

काल्याच्या दिवसाची तयारी वेगळी करा. गर्दी सगळ्यात मोठी, वेळ सकाळची. मोबाइल नेट असेल तर सुरुवातीपासूनच २००० वर जा, अडखळायची वाट बघू नका. बाजूने ऊन येतं, कीर्तनकारांचा चेहरा काळा पडतो, म्हणून मुख्य कॅमेऱ्याचं एक्स्पोजर चेहऱ्यावर धरून लॉक करा आणि मागचं जरा पांढरं झालं तरी होऊ द्या. हंडी फुटली की दही, लाह्या आणि बुक्का सगळीकडे उडतो आणि माणसं पुढे सरकतात. दुसऱ्या कॅमेऱ्यापाशी दोन कार्यकर्ते उभे करा, कन्व्हर्टर पॉलिथीनमध्ये गुंडाळून खांबाला बांधा आणि लॅपटॉपसाठी ओलसर सुती पंचा हाताशी ठेवा. तो लॅपटॉपवर टाकू नका, मागच्या बाजूला धुळीला आडवा धरा, म्हणजे पंख्याची वाट मोकळी राहते.